जाड तळाचा पेला

३ फेब्रुवारी, मंगळवार

हे डिसेंबरात गेले. घरात आता मी आणि आई, म्हणजे यांच्या आई, एवढ्याच. बोलायला कोणी नाही असं नाही. पण आई ऐकतात कमी आणि उत्तरं जास्त देतात. म्हणून लिहायचं ठरवलं. मला सजवून लिहिता येत नाही. कारखान्यात मी पेले तपासते. पेला दिव्यासमोर धरायचा आणि खोट काय ते दोन शब्दांत सांगायचं: बुडबुडा, ओरखडा, काठ वाकडा, तळ जाड. तेवढीच माझी भाषा.

आज भाऊजी, यांचे धाकटे भाऊ, स्वयंपाकघरात येऊन बसले. कारखान्याचं ऑफिस ते बघतात. पेले फुंकणं मास्तरांकडे, तपासणं माझ्याकडे, आणि गिऱ्हाइकांची बडदास्त यांच्याकडे होती. ते काम आता कोणाकडेच नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मोठे पाहुणे मार्चमध्ये येतायत. त्यांची वर्षाची ऑर्डर मिळाली तर भट्टी चालेल. नाही मिळाली तर विझवायची. भट्टीत आता फक्त मी जायचा बाकी आहे."

काचेची भट्टी म्हणजे चूल नव्हे. ती एकदा विझली की आतलं मोठं भांडं थंड होताना तडकतं. मग पुन्हा पेटवायचा प्रश्नच येत नाही. भाऊजींनी हे मला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

अडचण अशी की मोठे पाहुणे टेबलावर सोबत न प्यालेल्या माणसाशी व्यवहार करत नाहीत. त्यांच्या मुलखाची रीतच आहे तशी. यांच्याबद्दल ते सगळीकडे सांगायचे म्हणे, की असा पिणारा पाहिला नाही, रात्रभर बसला तरी पापणी हलत नाही. भाऊजींच्या अंगावर एका घोटात पित्त उठतं. मास्तरांना बसवता येईल, पण उठवता येणार नाही.

आई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मग सूनबाई बसेल."

"मी?"

"तुला तोंड आहे ना? बोलायला वापरत नाहीस, प्यायला वापर."

भाऊजी हसले नाहीत. विचार करायला लागले. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

७ फेब्रुवारी, शनिवार

भाऊजींनी बाटली आणून दिली, पिशवीत, वर पालेभाजी ठेवून. पाण्यासारखी पांढरी. मोठ्या पाहुण्यांकडे हीच पितात.

आईंनी शिकवणी सुरू केली. "आधी घास, मग घोट, मग पाणी. मग इकडच्या तिकडच्या गप्पा. मग परत घास. जो घोटामागं घोट घेतो तो टेबलाखाली जातो."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुझ्या सासऱ्यांना शोधायला मी कुठं वाकून बघायचे?"

मग त्यांनी निरनिराळ्या मुलखांच्या रीती सांगितल्या. बऱ्याचशा यांनी त्यांना सांगितलेल्या. काही लोकांत आपला पेला आपण भरायचा नाही. दुसऱ्याचा भरायचा आणि आपला कोणी भरील म्हणून वाट बघायची. काहींत पेले भिडवताना डोळ्याला डोळा दिला नाही तर अपशकुन. काहींत वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड फिरवायचं. काहींत भाषण झाल्याशिवाय ओठ लावायचा नाही, आणि भाषण मारुतीच्या शेपटासारखं.

मी विचारलं, डोळ्याला डोळा देऊन तोंड कसं फिरवायचं.

"ते दोन्ही एकाच माणसासमोर करायचं नसतं, बावळट."

मी चमचाभर घेतली. घसा पेटला आणि खोकल्यानं जीव गेला. माझ्या पेल्यात उरलेली आईंनी संपवली. टाकणं पाप, म्हणाल्या.

११ फेब्रुवारी, बुधवार

सराव चालू आहे. मी रोज दोन चमचे घेते, तरी बाटली अर्ध्यावर आली. आई म्हणतात ही जात उडून जाते, कापरासारखी. मी बूच घट्ट लावून ठेवलं आहे. आई या वयात माझ्यासाठी रोज संध्याकाळी तासभर बसतात याचं मला फार वाटतं. त्या आनंदीही दिसतात. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच काल त्यांनी गाणं गुणगुणलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

यांचा काळा कोट बाहेर काढला. पाहुण्यांबरोबर जेवायला जाताना तोच घालायचे. उजव्या बाहीचं अस्तर आतून कडक झालंय, पिवळट डाग आहेत. मला आठवतं, त्या जेवणांहून आले की तोंडाला वास नसायचा, पण बाही ओलीचिंब असायची. मी कधी विचारलं नाही. पेला धरताना हात थरथरत असेल, तर ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

आतल्या खिशात भांडी घासायचा स्पंज निघाला, बाहीत बसेल असा कापलेला, दोन बाजूंना नाडी लावलेली. माणसं खिशात काय काय ठेवतात. धुऊन मोरीवर ठेवला. मग परत आणला आणि खिशात होता तिथं ठेवला. कोट कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहायला लाज वाटते, म्हणून पटकन लिहिते.

काल भाऊजींनी मला रंगीत तालमीला नेलं. दोन छोटी गिऱ्हाइकं आली होती. भाऊजी त्यांना जुळे म्हणतात. ते जुळे नाहीत, सारखे कोट घालतात एवढंच. फार सभ्य माणसं. त्यांच्याकडे पाहुण्याचा पेला रिकामा दिसणं म्हणजे यजमानाची नाचक्की. आणि मला लहानपणापासून शिकवलंय की वाढलेलं टाकायचं नाही. ते भरायचे, मी संपवायची. मी संपवली की ते घाईनं भरायचे. माझी आणि त्यांची सभ्यता एकमेकींच्या मागं धावत सुटली.

पेला भरलेलाच ठेवला की "पुरे" असा अर्थ होतो, हे भाऊजींना माहीत होतं. ते मला टेबलाखालून पाय मारत होते. मला वाटलं टेबल हलतंय.

पुढचं मला आठवत नाही. भाऊजी सांगतात की मी हॉटेलचे सगळे पेले गोळा केले, एकेक दिव्यासमोर धरला, नखानं टिचकी मारून कानाशी नेला आणि "नापास" म्हणत टेबलाखाली नेऊन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातातलाही घेतला. एकच पास केला, तो फुलदाणी निघाली.

जुळ्यांनी जाताना ऑर्डर दिली. भाऊजी म्हणतात घाबरून दिली.

आईंनी सकाळी लिंबूपाणी दिलं आणि विचारलं, "घास घेतला होतास का आधी?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

मी बोलतच नव्हते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या पाहुण्यांसमोर असं झालं तर संपलं. त्यांच्याकडे पेला अर्धवट ठेवणं हाच अपमान. प्रत्येक भाषणाला तळ दिसला पाहिजे. घास, पाणी, गप्पा यांनी तिथं भागणार नाही. रात्रंदिवस तोच विचार.

आज मास्तरांच्या हातचा एक पेला नापास करताना सुचलं. तळ जाड होता. बाहेरून नेहमीच्या पेल्याएवढाच, पण आत जागा कमी.

मास्तरांकडे गेले. ते फुंकनळी पुसत होते. म्हटलं, "मला एक पेला हवाय. बाहेरून नेहमीसारखा. तळ इतका जाड, की आत अंगठ्याएवढंच मावलं पाहिजे."

मास्तरांनी नळी खाली ठेवली. "बाई, इतकी वर्षं तळ जाड म्हणून तुम्ही माझे पेले फोडताय."

"हो."

"मी घरी जाऊन बायकोला शिव्या द्यायचो तुमच्या."

"माहीत आहे. ती सांगते."

"आणि आता खोट मागायला आलाय."

"चांगली खोट हवी," मी म्हटलं. "बघणाऱ्याला कळता कामा नये."

ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, साहेब असते तर त्यांना हे फार आवडलं असतं. मी तिथून निघाले. दिव्याकडे तोंड केलं की कोणी काही विचारत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरांना जमेना. मुद्दाम चुकायला गेले की पेला बरोबर येतो. हात ऐकत नाही म्हणाले. शेवटी माझ्याकडे पाठ करून, शीळ घालत केला तेव्हा आला. तळ जाड, पण कडेला काच अशी ओढली आहे की भरला की पूर्ण भरलेला दिसतो. दिव्यासमोर धरला. एक बुडबुडा नाही, ओरखडा नाही. खोट म्हणून बघितलं तर इतका निर्दोष पेला माझ्या हातातून गेला नसेल.

आईंना दाखवला. त्यांनी तो भरला, प्यायल्या आणि म्हणाल्या, "हा मला नको."

१० मार्च, मंगळवार

काल जेवण झालं. सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

मोठे पाहुणे म्हातारे आहेत, उंच, मिशा पांढऱ्या. सोबत त्यांची भाची, ती दुभाषी. त्यांच्याकडे घरातलं सगळ्यात मोठं माणूस टेबलावर असावंच लागतं, म्हणून आई आल्या होत्या, नवी साडी नेसून. "तुझ्यासाठी येतेय," म्हणाल्या. भाऊजी पाण्याचा जग घेऊन कोपऱ्यात.

पेले आम्हीच नेले होते, आमच्याच कारखान्याचे, म्हणून माझा वेगळा दिसला नाही. बाटली आईंजवळ होती. पाहुण्यांना मात्र त्यांची भाची निराळ्या, फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीतून ओतत होती. घरची खास आहे, मामांना दुसरी चालत नाही, म्हणाली. मोठ्या माणसांच्या सवयी असतात.

पाहुणे उभे राहिले की भाषण, मग सगळ्यांनी पेले भिडवायचे, मग तळ. पहिलं भाषण पावसापाण्यावर. दुसरं काचेवर. तिसरं आईंवर, ते लांबलं. मी घास घेत होते, पाणी घेत होते, आणि अंगठाभर संपवून पेला उपडा धरून दाखवत होते. पाहुणे मान डोलवत होते. माझं डोकं स्वच्छ होतं. मला वाटलं, जमलं.

मग पाहुणे पुन्हा उठले, पण या वेळी आवाज खाली आणला. भाची म्हणाली, "आता जो आपल्यात नाही त्याच्यासाठी. याला पेले भिडवायचे नसतात."

पाहुणे यांच्याबद्दल बोलले. म्हणाले, माझ्यासमोर बसून माझ्याइतकं प्यायलेला एवढा एकच माणूस. मग त्यांनी आपला भरलेला पेला माझ्यासमोर ठेवला आणि हात पुढं केला.

भाचीनं सांगितलं, "गेलेल्याच्या घरच्यांचा पेला पाहुण्यानं प्यायचा आणि पाहुण्याचा घरच्यांनी. दुःख वाटून घ्यायचं."

ही रीत यांनी कधी सांगितली नव्हती. सांगणार कशी? त्यांच्या हयातीत तिची वेळच आली नव्हती.

भाऊजींचा जग कलंडला. मी पेला हातात घट्ट धरून बसले होते. पाहुणे थांबले होते. आईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पेला त्यांना दिला.

पाहुण्यांनी तो उचलला आणि त्यांचा हात मध्येच थांबला. जन्मभर काच विकलेला माणूस. त्यांनी पेला तळहातावर तोलला. माझ्याकडे बघितलं. मग प्यायले. एक घोटही झाला नाही. त्यांनी पेल्यात वाकून बघितलं, डोळ्यांना रुमाल लावला आणि खाली बसले. खांदे गदगदत होते. भाची घाबरून त्यांची पाठ चोळायला लागली. इतक्या दूरच्या माणसाला यांच्यासाठी एवढं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

मग माझी पाळी. त्यांचा पेला काठोकाठ होता, खरा, पूर्ण पेला. मी डोळे मिटले आणि एका दमात संपवला.

काही झालं नाही. घसा पेटला नाही, खोकला नाही. डोळे उघडले तर पाहुणे रुमालाच्या कडेवरून माझ्याकडेच बघत होते, आणि भाची पांढरी पडली होती. मला चढेल अशी काळजी असणार. मी म्हटलं, "छान आहे. सौम्य आहे." भाचीनं हे भाषांतर केलं नाही, पण पाहुण्यांना कळलं असावं. ते पुन्हा रुमालात गेले.

नंतर माझा पेला त्यांनी परत दिलाच नाही. मी सबंध जेवणभर त्यांच्याच पेल्यातून, त्यांच्याच बाटलीतली प्यायले. प्रत्येक भाषणाला तळ. भाऊजी माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होते. एका महिन्याच्या सरावानं इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. निघताना पाहुण्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, नवऱ्याच्या तोडीची निघालात.

आई गाडीपर्यंत मला धरून चालल्या. मला आधार देतेय म्हणाल्या. त्यांचं वजन बरंच आहे.

११ मार्च, बुधवार

सकाळी पाहुणे कारखान्यात आले. रात्रभर मनाशी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. भट्टी विझली तरी चालेल. माझ्या हातून आजवर एक खोट पुढं गेली नाही, आणि गेली ती यांच्या नावानं उचललेल्या पेल्यातून.

पण त्यांनी आधीच माझा पेला खिशातून काढून टेबलावर ठेवला. भाची म्हणाली, "नेहमीची ऑर्डर आहेच. शिवाय मामांना हे हवेत. जेवढे करता येतील तेवढे."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, ही खोट आहे. यात अंगठ्याएवढंच मावतं. परवा मी त्यांना फसवलं."

तिनं सांगितलं. पाहुणे गंभीरपणे ऐकत होते. मग ते बरंच बोलले आणि ती थोडंच बोलली: "मामा म्हणतात, आमच्याकडे म्हातारी माणसं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचे डॉक्टर सारखंच बोलतात. परवाचा हिशेब फिटला, असंही म्हणतात."

कसला हिशेब ते कळलं नाही. डॉक्टर काय बोलतात हेही विचारायचं राहून गेलं, कारण मास्तर मागून म्हणाले, "बाई, आता तळ पातळ म्हणून फोडणार का माझे पेले?"

"पातळ असला तर फोडीन," मी म्हटलं.

भाऊजींनी कोळशाची गाडी मागवली. मग भट्टीसमोर जाऊन उगाच हात शेकत उभे राहिले, एवढ्या उकाड्यात.

१४ मार्च, शनिवार

ऑर्डर मिळाली, भट्टी चालू आहे, पाहुणे रागावले नाहीत. तरी मला चैन नव्हती. पाहुण्यांना सांगून झालं. पण तो पेला ज्यांच्यासाठी होता त्यांना काय सांगणार?

संध्याकाळी आईंना म्हटलं, "मला तो एक पेला पुन्हा घ्यायचाय. नीट."

त्या रात्री हॉटेलातून निघताना आईंनी पाहुण्यांची फडक्यातली बाटली पिशवीत टाकली होती. ती मी पुढं केली. आईंनी बूच काढून एक घोट घेतला. भुवया वर गेल्या. मग त्यांनी सबंध बाटली खिडकीतल्या कुंडीत ओतली. एवढी खास, घरची.

"आपलीच घे," म्हणाल्या.

सरावाच्या बाटलीत उडून उडून दोन पेल्यांपुरतीच उरली होती. मी कारखान्याचे साधे पेले काढले, पास झालेले. दोन्ही काठोकाठ भरले. आईंसमोर एक ठेवला, एक मी घेतला. भिडवले नाहीत. भाषण मला येत नाही. यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही, ते एकदा मोठ्यानं घेतलं, आणि प्यायले.

मोठ्या पाहुण्यांची जेवणभर प्यायले होते, सवय झालीय असं धरून चालले होते. पण ही नाकापासून पोटापर्यंत जाळत गेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. पदर भिजला तरी थांबेना. बोलायला गेले तर आवाज निघेना.

आई म्हणाल्या, "कडक आहे."

मी मान हलवली. "फार कडक आहे," एवढंच शेवटी म्हणता आलं.

त्यांच्याही डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं, आणि त्यांनी तर अजून पेल्याला हातसुद्धा लावला नव्हता.